न शिकता कानात बसलेले शब्द आणि उच्चार: यांना शिकणे म्हणायचे का?

पहिलीपाटी (प्रश्न)

गेले चौदा महिने मी जवळजवळ रोज रात्री जर्मन मालिकेचा एक भाग पाहत आले आहे. जर्मन शिकावी म्हणून हे सुरू केले नव्हते. कथानकाची ओढ लागली होती, खाली इंग्रजी उपशीर्षके येत होती आणि भाषा मागे वाजत होती, एवढेच. मागच्या महिन्यात मी प्राथमिक वर्गात नाव घातले, आणि पहिल्या दोन आठवड्यांतच तीन गोष्टी अशा लक्षात आल्या की त्यांचा एकमेकींशी मेळ कसा घालावा हे मला कळेनासे झाले आहे.

पहिली गोष्ट शब्दांची. शिक्षिका वाक्ये वाचत असताना 'आइगेन्टलिश' हा शब्द आला आणि हा तर आपल्या ओळखीचा आहे असे मला चटकन वाटले. तो वाक्यात साधारण कोठे येतो, त्यात आघात कोठे पडतो, बोलणारा आपलेच आधीचे म्हणणे जरा सावरून घेत असताना तो कसा वापरतो, इतके सारे मला ठाऊक होते. अर्थ मात्र विचारला असता तर सांगता आला नसता. 'खरे पाहता', 'मुळात' असा त्याचा अर्थ असल्याचे मला त्या दिवशी कळले. चेहरा ओळखीचा पण नाव-गाव माहीत नाही, असे कितीतरी शब्द आता रोज भेटत आहेत.

दुसरी गोष्ट उच्चाराच्या नियमाची. जर्मनमध्ये शब्दाच्या शेवटी लिहिलेले ड, ब, ग हे ट, प, क असे उच्चारले जातात. कुत्र्यासाठीचा शब्द लिहिताना शेवटी ड असतो, उच्चार मात्र 'हुन्ट' असा होतो. अनेकवचनात 'हुन्डे' होताच तो ड पुन्हा ऐकू येतो. हा नियम फळ्यावर लिहिला गेला तेव्हा वर्गातील इतरांना तो नवा होता, आणि मी मात्र पूर्वी कधीही न पाहिलेले शब्दसुद्धा आधीपासून तसेच वाचत होते. हे मला कोणी सांगितले नव्हते आणि मी स्वतःही कधी जाणीवपूर्वक टिपले नव्हते.

तिसरी गोष्ट या दोहोंच्या अगदी उलट आहे. 'शोन' म्हणजे 'आधीच' आणि 'श्योन' म्हणजे 'सुंदर' हे दोन्ही शब्द इतके नेहमीचे आहेत की एकेका भागात ते अनेकदा कानावर पडले असतील. तरीही शिक्षिकेने ते सुटे उच्चारून कोणता कोणता हे विचारले, तेव्हा माझी उत्तरे निव्वळ अंदाजाची होती.

एकाच प्रकारच्या ऐकण्यातून एक गोष्ट इतकी पक्की यावी आणि दुसरी मुळीच येऊ नये, असे का होते? अर्थाविना झालेल्या ओळखीचा पुढे काही उपयोग असतो का? आणि रात्रीचा तो एक तास मालिकेला द्यावा की शब्दांच्या यादीला, याबद्दल जाणकारांनी कृपया लिहावे.

कानोसा

आपण केलेली नोंद फार मोलाची आहे, कारण या विषयावरील संशोधनात ज्या दोन गोष्टी वेगवेगळ्या काढाव्या लागतात त्या आपण स्वतःच्या अनुभवातून आधीच वेगळ्या केल्या आहेत. मी बरीच वर्षे परभाषेचे उच्चार शिकवतो, त्यामुळे शब्दांपेक्षा ध्वनींविषयी अधिक लिहितो.

अर्थाशिवाय शब्दांचा नुसता आकार मनात साठतो, आणि तो आपल्याला वाटते त्याहून फार लवकर साठतो. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात सहा-सात वर्षांची मुले आणि प्रौढ यांना संगणकावर चित्र काढायला बसवले होते आणि मागे एका बनावट भाषेचा अखंड प्रवाह सुमारे वीस मिनिटे वाजत होता. त्यात शब्दांमध्ये विराम नव्हते, आणि ऐका किंवा लक्षात ठेवा असे कोणालाही सांगितलेले नव्हते. नंतर चाचणी घेतली तेव्हा कोणती तीन अक्षरे मिळून त्या भाषेतला 'शब्द' होतो हे मुलांनी आणि मोठ्यांनी सारख्याच प्रमाणात, निव्वळ योगायोगाने जमेल त्याहून स्पष्टपणे अधिक वेळा ओळखले. एका अक्षरानंतर दुसरे कितपत खात्रीने येते याची मोजदाद मन आपोआप करत राहते. शब्दाच्या आत ही खात्री जास्त असते आणि शब्दांच्या सीमेवर ती ढळते.

हे बनावट भाषेपुरतेच आहे असेही नाही. २०१० साली डच भाषक प्रौढांना चिनी भाषेतील हवामानवृत्त केवळ सात मिनिटे दाखवण्यात आले. चिनीचा गंधही नसलेल्या या लोकांना त्यानंतर वारंवार आलेले शब्द ओळखता आले, आणि कोणती अक्षररचना त्या भाषेत बसते व कोणती बसत नाही याचाही काहीसा अंदाज आला. अर्थाची जुळणी मात्र मुख्यतः अशाच शब्दांची झाली जे पुन्हापुन्हा आले होते आणि ज्यांच्याबरोबर निवेदिकेने हाताने नकाशावर काही दाखवले होते.

मला सर्वांत विलक्षण वाटते ते न्यूझीलंडमधील २०२० सालचे काम. तेथील बहुसंख्य लोकांना माओरी, म्हणजे तेथील मूळ रहिवाशांची भाषा, बोलता येत नाही, पण ती आयुष्यभर त्यांच्या कानांवर पडत असते. या लोकांना खरे माओरी शब्द आणि त्याच धर्तीवर रचलेले खोटे शब्द मिसळून दाखवले, तेव्हा ते खरे शब्द लक्षणीय प्रमाणात वेगळे काढू शकले, आणि कोणता घडवलेला शब्द माओरीला अधिक शोभेल याविषयीचा त्यांचा कौल ती भाषा अस्खलित बोलणाऱ्यांच्या कौलाच्या अगदी जवळ होता. संशोधकांनी या साठ्याला अर्थरहित पूर्वशब्दसंग्रह म्हणावे असे सुचवले आहे. आपला 'आइगेन्टलिश' हा अशाच साठ्यातला शब्द होता.

आता ट-ड आणि शोन-श्योन यांतील फरकाकडे येतो, कारण आपल्या कोड्याची किल्ली तेथे आहे. ट आणि ड हे दोन्ही कप्पे मराठी कानाजवळ आधीच तयार असतात. जर्मनने आपल्याकडून एवढेच मागितले की शब्दाच्या अंती यांपैकी कोणता येतो याची नोंद ठेवा. जुन्या ध्वनींची नवी मांडणी नुसत्या ऐकण्याने शिकता येते. 'श्योन'मधला स्वर मात्र मराठीत नाही. जीभ 'ए' साठी ठेवतो तशी पुढे ठेवून ओठ 'ओ' साठी करतो तसे गोल केले की तो निघतो. असा स्वर कानावर पडला की कान त्याला जवळच्या कप्प्यात, म्हणजे 'ओ'मध्ये टाकतो, आणि जितक्या वेळा ऐकावे तितक्या वेळा त्याच कप्प्यात टाकून ती सवय अधिकच पक्की करतो. नुसते अधिक ऐकणे येथे कामी येत नाही, ते या कारणाने.

हे कप्पे फार लवकर तयार होतात. आपल्या त आणि ट यांतील भेद इंग्रजी घरांतील सहा ते आठ महिन्यांच्या बाळांना ऐकू येतो आणि वर्षाच्या आसपास तो बहुतेकांच्या कानातून निसटतो, हे १९८४ मध्ये हिंदी ध्वनी वापरून केलेल्या अभ्यासात दिसले होते. प्रौढ इंग्रजी भाषकाला 'ताक' आणि 'टाक' एकच वाटतात तेव्हा आपल्याला आश्चर्य वाटते. 'शोन' आणि 'श्योन'च्या बाबतीत आपण नेमके त्याच जागी उभे आहोत.

आणखी एक कारण आहे, ज्याची चर्चा सहसा होत नाही. मालिकेत 'आधीच' आणि 'सुंदर' यांचा घोळ कधी होतच नाही, कारण संदर्भ प्रत्येक वेळी उलगडा करून देतो. मराठीतील 'जग' घ्या. दुनिया या अर्थाचा 'जग' आणि जगणेमधला 'जग' यांत ज वेगवेगळा आहे, लिहिताना तो दिसत नाही, आणि परभाषक शिकणारा वर्षानुवर्षे दोन्ही सारखेच उच्चारतो, कारण त्यावाचून त्याचे काहीही अडत नाही. ज्या भेदावाचून अडत नाही, तो भेद ऐकण्याचे कष्ट कान घेत नाही.

शब्दमोजणी

ध्वनींविषयी वर जे लिहिले आहे ते मला पटते. शब्दांच्या बाबतीत मात्र थोडी कठोर बाजू मांडणे मला आवश्यक वाटते, कारण 'नुसते पाहत आणि वाचत राहा, भाषा आपोआप येईल' असा सल्ला अनेक ठिकाणी मिळतो आणि त्यापायी प्रामाणिक विद्यार्थ्यांची वर्षे जातात.

शब्द 'येणे' ही एकच गोष्ट नाही, हे आधी ध्यानात घ्यावे. २००३ सालच्या एका अभ्यासात जपानी विद्यार्थिनींना सोप्या इंग्रजीतील एक पुस्तक वाचायला दिले होते, ज्यात २५ शब्दांच्या जागी मुद्दाम घडवलेली रूपे घातली होती. वाचून झाल्याबरोबर यांपैकी कोणती रूपे पाहिल्यासारखी वाटतात असे विचारले, तेव्हा सरासरी १५ ओळखली गेली. पर्याय देऊन अर्थ निवडायला सांगितला तेव्हा सुमारे १० ते ११ जमले. पर्याय न देता अर्थ सांगायला सांगितला तेव्हा ४ ते ५. आणि तीन महिन्यांनी तोच शेवटचा प्रश्न पुन्हा विचारला, तेव्हा २५ पैकी सरासरी एकसुद्धा पूर्ण उरला नव्हता. आपण ज्याला चेहऱ्याची ओळख म्हणता ती या जिन्याची सर्वांत खालची पायरी आहे. ती खरी आहे, पण तिच्यावरून वरच्या पायऱ्यांविषयी काहीच सांगता येत नाही.

नुसत्या ऐकण्याची स्थिती याहून अवघड असते. २००८ मध्ये त्याच धर्तीवर वाचन, ऐकत ऐकत वाचन आणि केवळ श्रवण अशा तीन पद्धतींची तुलना झाली. केवळ ऐकलेल्या गोष्टीतील २८ शब्दांपैकी सरासरी १ शब्दाचाही अर्थ विद्यार्थ्यांना स्वतःहून सांगता आला नाही, आणि ऐकत ऐकत वाचणारे पुढे राहिले. कागदावरचा शब्द थांबतो, आपण त्याच्याकडे परत जाऊ शकतो. ऐकलेला शब्द निघून जातो आणि पुढचे वाक्य येऊन त्याच्यावर बसते.

आपल्या मातृभाषेतसुद्धा हा वेग फार नसतो. १९९९ साली अनेक प्रयोगांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झाले, त्यानुसार शाळकरी मुले सहज वाचन करताना भेटलेल्या अनोळखी शब्दांपैकी सुमारे १५ टक्के शब्द काही प्रमाणात आत्मसात करतात. मुलांच्या बाबतीत ही टक्केवारी पुरते, कारण त्यांच्याजवळ वर्षे असतात आणि वाचायला लाखो शब्द असतात. रोज एक तास देणाऱ्या प्रौढ व्यक्तीचा हिशेब निराळा आहे.

त्यातही अंदाजाने अर्थ कळण्यासाठी आजूबाजूचे बहुतेक शब्द आधीच माहीत असावे लागतात. कोणाच्याही मदतीवाचून मजकूर नीट समजायचा तर त्यातील सुमारे ९८ टक्के शब्द ओळखीचे असावेत, म्हणजे पन्नासांत एकच अनोळखी, असे २००० सालच्या एका अभ्यासातून दिसले. हीच कसोटी लावून इंग्रजी संभाषणासाठी सहा ते सात हजार शब्दकुळे (एक मूळ शब्द आणि त्यापासून झालेली रूपे मिळून एक कूळ) लागतात असा हिशेब २००६ मध्ये मांडण्यात आला. नवशिक्याला मालिकेत पन्नासांपैकी वीस-पंचवीस शब्द अनोळखी असतात. तेथे अंदाज बांधायला जमीनच नसते. ती जमीन उपशीर्षके पुरवतात, आणि म्हणूनच आपल्याला कथा कळत राहिली, भाषा नाही.

माझे म्हणणे असे की पहिले दोन हजार शब्द तरी यादी, एका बाजूला शब्द व दुसऱ्या बाजूला अर्थ लिहिलेले पत्ते, वही, जे रुचेल त्या साधनाने हेतुपुरस्सर शिकावेत. यादीतून शिकलेला शब्द कोरडा असतो, त्याच्या संगतीला कोणते शब्द येतात, तो कोणाशी बोलताना चालतो आणि कोणाशी नाही, हे यादी सांगत नाही. ते मालिकेतूनच कळते. पण भेट होण्याआधी नाव माहीत असले तर प्रत्येक भेटीचा लाभ होतो. आपल्या चौदा महिन्यांतील बहुतेक भेटी निनावी झाल्या, याचे मला मनापासून वाईट वाटते.

ऐकीव

वरील दोन्ही उत्तरे वाचून एक अनुभव सांगावासा वाटतो. लहानपणी माझे आजी-आजोबा एकमेकांशी कन्नड बोलत. आम्हा मुलांशी ते मराठीतच बोलत, त्यामुळे मला कन्नडचे एक वाक्यही धड येत नव्हते. वयाच्या पस्तिसाव्या वर्षी मी ती भाषा रीतसर शिकायला घेतली तेव्हा शब्द आणि क्रियापदांची रूपे इतरांइतकीच जड गेली. तरीही माझे वाचन ऐकून शिक्षकांनी दोनदा विचारले की आपल्या घरी कन्नड बोलतात का.

पुढे मला कळले की असे अनेकांच्या बाबतीत होते. अमेरिकेतील काही विद्यार्थ्यांच्या कानांवर लहानपणी स्पॅनिश नियमितपणे पडत असे, पण ते स्वतः ती बोलत नसत. मोठेपणी ती भाषा वर्गात शिकताना त्यांचे उच्चार इतर नवशिक्यांपेक्षा मूळ भाषकांच्या अधिक जवळ निघाले, व्याकरणात मात्र त्यांना तशी आघाडी नव्हती. हा अभ्यास २००२ सालचा आहे. तेव्हा निनावी भेटी अगदीच वाया जातात असे मला म्हणवत नाही. अर्थात माझ्या त्या भेटी बालवयातल्या होत्या, हा फरक मी लपवत नाही.

पहिलीपाटी

सर्वांचे मनःपूर्वक आभार. 'कथा कळत राहिली, भाषा नाही' हे वाक्य वाचून थोडे दुखले, पण ते खरे आहे. कानोसा यांना एक विचारायचे आहे. नुसत्या ऐकण्याने नवा कप्पा तयार होत नसेल, तर प्रौढ वयात तो तयार होण्याचा काही मार्ग आहे का, की 'श्योन' मला आता कायमचा 'शोन'च ऐकू येणार? आणि उपशीर्षके जर्मन ठेवली तर काही फरक पडेल का?

कानोसा

मार्ग निश्चित आहे, आणि तो आपल्या वयात खुला आहे. जपानी भाषकांना इंग्रजीतील र आणि ल वेगळे ऐकू येत नाहीत, हे या क्षेत्रातील सर्वांत अधिक अभ्यासलेले उदाहरण आहे. १९९१ च्या सुमारास अमेरिकेतील संशोधकांनी जपानी प्रौढांना अशा शब्दजोड्या ऐकवल्या ज्यांत केवळ या एका ध्वनीचा फरक होता. ऐकणाऱ्याने दोहोंपैकी एक शब्द निवडायचा आणि उत्तर बरोबर की चूक हे त्याला लगेच कळायचे. काही आठवड्यांत भेद ऐकू येऊ लागला. यातले मर्म असे निघाले की ध्वनी अनेक वेगवेगळ्या व्यक्तींच्या आवाजात आणि शब्दांतल्या वेगवेगळ्या जागी ऐकवले तरच ती ओळख नव्या माणसाच्या बोलण्यातही टिकते. एकाच आवाजावर सराव केलेल्यांना दुसरा आवाज आला की ती टिकवता आली नाही. १९९७ मध्ये तर असेही दिसले की केवळ कानाचा असा सराव केलेल्यांचा उच्चारही सुधारला, तोंडाचा सराव मुळीच करवून न घेता.

आपल्या मूळ प्रश्नाशी अधिक जवळचा प्रयोग २०११ सालचा आहे. त्यात जपानी प्रौढांना एक संगणकीय खेळ खेळायला दिला होता. अवकाशातील निरनिराळे प्राणी समोर येत, प्रत्येक जातीच्या प्राण्याबरोबर ठरावीक ध्वनी ऐकू येत, आणि प्राण्याप्रमाणे त्याला पकडायचे किंवा त्याच्यावर नेम धरायचा असे. खेळ वेगवान होत जाई तसा प्राणी दिसण्याआधीच त्याचा आवाज येई, त्यामुळे ध्वनी ओळखणारा जिंकत असे. ध्वनी शिका असे कोणीही म्हटले नव्हते. पाच दिवसांत मिळून अडीच तास खेळल्यावर र आणि ल ओळखण्यात जी सुधारणा झाली, ती दोन ते चार आठवड्यांच्या उघड प्रशिक्षणातून होणाऱ्या सुधारणेच्या तोडीची होती.

मला या प्रयोगाचे महत्त्व फार वाटते. येथेही शिकणे नकळतच झाले, आपल्या मालिकेसारखेच. पण येथे भेद न ऐकणाऱ्याचे नुकसान होत होते. मालिकेत तसे होत नाही. म्हणून आपणही ऐकण्याला काही परिणाम जोडावा. कोणाकडून तरी, शक्य तर चार-पाच निरनिराळ्या व्यक्तींकडून, अशा जोड्या ध्वनिमुद्रित करून घ्याव्यात, रोज दहा मिनिटे ऐकून निवड करावी आणि चूक झाली की त्याच क्षणी कळेल अशी व्यवस्था ठेवावी.

एक विनंती आवर्जून करतो. वहीत 'श्योन' असे देवनागरीत लिहून ठेवू नये. येथे आपल्यापाशी दुसरा उपाय नाही म्हणून आपण तसे लिहितो आहोत, पण त्या शब्दात य मुळीच नाही, तो एकच सलग स्वर आहे. एकदा 'श्यो' लिहिले की डोळे कानाला सांगू लागतात की येथे य ऐक, आणि कान ते ऐकू लागतो.

उपशीर्षकांविषयी नेदरलँड्समध्ये २००९ साली झालेला प्रयोग आपल्या उपयोगाचा आहे. इंग्रजी चांगले येणाऱ्या डच लोकांना अपरिचित स्कॉटिश किंवा ऑस्ट्रेलियन धाटणीच्या उच्चारातील चित्रणे दाखवली. इंग्रजी उपशीर्षके पाहिलेल्यांना त्या बोलणाऱ्यांची पूर्वी न ऐकलेली वाक्येसुद्धा नंतर अधिक चांगली समजली. डच उपशीर्षके पाहिलेल्यांची अशा नव्या वाक्यांबाबतची कामगिरी उपशीर्षकांविना पाहिलेल्यांपेक्षाही खाली गेली. त्याच भाषेतली अक्षरे समोर असली की हा आवाज म्हणजे तो शब्द, हे कानाला कळते आणि तो स्वतःला जुळवून घेतो. दुसऱ्या भाषेतली अक्षरे अर्थ देतात आणि कानाला चुकीच्या शब्दांकडे ओढतात. आपले जर्मन आज या लोकांच्या इंग्रजीइतके पक्के नाही, त्यामुळे जर्मन उपशीर्षकांनी सुरुवातीला कथा बरीच हुकेल. म्हणून आधी पाहिलेला भाग निवडावा. कथा ठाऊक असल्याने अर्थाचा भार हलका होतो.

उंबरठा

चर्चा फार चांगली चालली आहे, परंतु एका शब्दाच्या वापराविषयी मला हरकत घ्यावीशी वाटते. शब्दजोड्यांचा सराव, चुकीची तत्काळ सूचना, पाहिलेला भाग मुद्दाम पुन्हा पाहणे, हे सारे हेतुपूर्वक शिकणे झाले. मग ज्याला आपण नकळत शिकणे म्हणत होतो त्यातले उरले काय?

माझ्या समजुतीप्रमाणे येथे दोन वेगळ्या कल्पना मिसळल्या जात आहेत. एक हेतूची: शिकायचे किंवा परीक्षा द्यायची असे मनात नसताना जे येते ते आनुषंगिक शिक्षण. दुसरी जाणिवेची: आपण काय शिकलो हे स्वतःलाही सांगता येत नाही ते अबोध शिक्षण. मालिका पाहताना एखाद्या शब्दाशी मी थबकले आणि 'याचा अर्थ काय बरे' असे मनात आले, तर शिकण्याचा हेतू नव्हता, पण जाणीव होती. पहिलीपाटी यांचा ट-डचा नियम मात्र हेतूविना आणि जाणिवेविना आला. या दोन प्रकारांना एकच माप लावल्याने एक बाजू 'ऐकून सारे येते' म्हणते आणि दुसरी 'ऐकून काही येत नाही' म्हणते, आणि दोन्ही आपापल्या उदाहरणांपुरत्या खऱ्या ठरतात.

शब्दमोजणी

ही हरकत मला मान्य आहे, आणि माझ्या आधीच्या उत्तरात हा भेद मी करायला हवा होता. थबकण्याविषयी आपण जे लिहिले त्याला जुना आधार आहे. रिचर्ड श्मिट हे भाषावैज्ञानिक ब्राझीलमध्ये सुमारे पाच महिने राहिले असताना स्वतःच्या पोर्तुगीज शिकण्याची रोजनिशी ठेवत होते आणि संभाषणेही ध्वनिमुद्रित करत होते. पुढे दोन्ही ताडून पाहिल्यावर असे आढळले की एखादे रूप केवळ कानांवर पडत असल्याने त्यांच्या बोलण्यात आले नाही. ते आपल्या ध्यानात आल्याची नोंद रोजनिशीत झाली, त्यानंतर ते बोलण्यात येऊ लागले. यातूनच १९९० मध्ये त्यांनी 'लक्षात येणे' हीच शिकण्याची अट असल्याचे मांडले. ध्वनींच्या मांडणीला ही अट लागू पडत नाही असे मला या चर्चेनंतर वाटते. शब्दाच्या अर्थाला ती लागू पडते, यावर मी ठाम आहे.

पहिलीपाटी

तीन आठवड्यांनी परत लिहिते आहे. आधी पाहिलेला एक भाग मी जर्मन उपशीर्षकांसह पाहिला आणि ओळखीचा वाटेल पण अर्थ सांगता येणार नाही असा प्रत्येक शब्द वहीत उतरवला. पाऊण तासात सदतीस शब्द निघाले. त्यांत वस्तूंची नावे जेमतेम सहा होती, कारण वस्तू पडद्यावर दिसतात आणि त्यांचे अर्थ मला बहुधा आधीच कळले होते. बाकीचे बहुतेक 'तरीही', 'निदान', 'म्हणूनच', 'बहुधा' अशा अर्थांचे निघाले, ज्यांचे चित्र दाखवता येत नाही आणि ज्यांना इंग्रजी उपशीर्षके अनेकदा गाळतात. अर्थ पाहून घेतल्यावर हे शब्द लक्षात ठेवायला मला अक्षरशः काहीच कष्ट पडले नाहीत. वर्गाच्या यादीतील पूर्णपणे नवे शब्द मात्र अजून चार-चारदा घोकावे लागतात. आठवड्यानंतर तपासले तेव्हा सदतीसपैकी एकतीस अर्थ सांगता आले.

वर्गातील दोघे आणि शिक्षिका यांनी शब्दजोड्या ध्वनिमुद्रित करून दिल्या आहेत. शिक्षिकेच्या आवाजात आता दहापैकी आठ-नऊ वेळा माझे उत्तर बरोबर येते, इतर दोघांच्या आवाजात अजून सहा-सात वेळा. आणखी दोन आवाज मिळवण्याच्या प्रयत्नात आहे. वहीत 'श्योन' खोडून ओठांचे एक छोटे चित्र काढून ठेवले आहे.